चांदणी कासव पाण्यात ठेवावे की जमिनीवर?

गच्चीवरून
नमस्कार. आमच्या इमारतीतील एक भाडेकरू कुटुंब गेल्या आठवड्यात घर सोडून गेले आणि जाताना गच्चीवर निळ्या प्लॅस्टिकच्या टबात एक कासव तसेच ठेवून गेले. टबात चार बोटे पाणी होते. कासव साधारण माझ्या पसरलेल्या पंजाएवढे आहे, पाठ घुमटासारखी उंच आहे आणि काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या आहेत. मी पाहिले तेव्हा ते मान शक्य तितकी वर ताणून टबाच्या गुळगुळीत कडेवर पुढचे पाय घासत होते. बाहेर काढून कोरड्या फरशीवर ठेवले, तर एका नाकपुडीतून पाण्याचा बुडबुडा आला.

आता घरात तीन पक्ष पडले आहेत. काकांचे म्हणणे असे की कासव हा पाण्यातला जीव, तेव्हा त्याला गावाबाहेरच्या तळ्यात सोडावे आणि पुण्य पदरात पाडून घ्यावे. शेजारच्या काकूंच्या मते कासव आपण होऊन घरी येणे शुभ असते, म्हणून ते आपणच ठेवून घ्यावे. माझ्या मुलीचे म्हणणे असे की हे जमिनीवरचे कासव आहे आणि पाण्यात ते बुडेल. कासव बुडते, हे मी आयुष्यात प्रथमच ऐकले. हे कासव खरोखर कोठे राहते, काय खाते, आणि मी नेमके काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. सध्या समोर पालकाची जुडी ठेवली आहे, पण त्याने तिला तोंड लावलेले नाही.

माळरान
सर्वांत आधी एक विनंती: तळ्याचा विचार आजच सोडून द्यावा. आपल्या मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे.

वर्णनावरून हे चांदणी कासव दिसते. वन्यजीव क्षेत्रातील लोक त्याला स्टार कासव म्हणतात, काही जण तारा कासवही म्हणतात. शास्त्रीय नाव जिओकेलोन एलिगन्स. हे पूर्णपणे जमिनीवर राहणारे कासव आहे. त्याचे पाय पाहावेत: हत्तीच्या पायांसारखे खांब, वर जाड खवले, आणि बोटांमध्ये पडदा अजिबात नाही. नदीतल्या कासवाचे पाय वल्ह्यांसारखे चपटे असतात आणि पाठही बसकी असते, त्यामुळे पाणी कापत जाणे त्याला सोपे पडते. चांदणी कासव खोल पाण्यात पडले, तर थोडा वेळ धडपडते आणि मग बुडते. तळ्यात सोडून पुण्य मिळवण्याच्या भानगडीत किती चांदणी कासवे मेली असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता करायचे ते असे. एका मोठ्या खोक्यात वर्तमानपत्र किंवा सुके गवत घालून कासवाला त्यात ठेवावे. खोके उबदार, वारा न लागणाऱ्या जागी असावे. पिण्यासाठी उथळ बशीत पाणी ठेवावे, इतके उथळ की मान खाली असतानाही नाक पाण्याबाहेर काढता येईल. आणि वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो. हे कासव घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पूर्वी ते चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आले. म्हणजे काकूंचा शुभशकुनही बाद ठरतो.

निवडुंग
थोडक्यात, काकांचा मार्ग कासवाला बुडवणारा आहे आणि काकूंचा मार्ग तुम्हाला. मुलीचे ऐकावे.

तळटीप
या गोंधळात काकांपेक्षा आपल्या भाषेचा दोष अधिक आहे, असे मला वाटते. समुद्रातले, नदीतले आणि माळावरचे या तिन्ही प्राण्यांना आपण एकाच शब्दात कासव म्हणतो, आणि डोळ्यांपुढे मात्र येते ते विहिरीतले. संस्कृतातला कूर्म आणि कच्छपही बहुधा पाण्याच्या आसपासच वावरतात. मंदराचल पाठीवर घेणारा कूर्मही समुद्रातच बसलेला आहे. देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेले दगडी कासव तेवढे कायम कोरड्यावर असते, पण त्याच्याकडे आपण प्राणी म्हणून पाहत नाही.

माळरान यांना एक प्रश्न. भारतात जमिनीवरची कासवे किती प्रकारची आहेत?

माळरान
पाच. चांदणी कासव, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातले त्रावणकोर कासव, उत्तर आणि पूर्व भारतातले लांबट कवचाचे पिवळसर कासव, आणि ईशान्येकडील दोन डोंगरी कासवे, ज्यांपैकी एक २०१९ मध्ये अरुणाचल प्रदेशात प्रथमच आढळले. बाकीची बहुतेक सगळी गोड्या पाण्यातली किंवा समुद्रातली.

चांदणी कासवाचा मुलूख सलग नाही. एक पट्टा गुजरात, राजस्थान आणि पाकिस्तानातील सिंध असा वायव्येला आहे. दुसरा आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या पूर्व भागात आग्नेयेला. आणि तिसरा श्रीलंकेत. आपल्याकडच्या शहरांत सापडणारे चांदणी कासव हे जवळजवळ नेहमी कोणीतरी कोठून तरी आणलेले असते.

पिंपळपार
वडिलांच्या बदलीमुळे माझी शाळेची चार वर्षे आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात गेली, त्यामुळे ही कासवे मी टबात नव्हे तर त्यांच्या घरी पाहिली आहेत. तो मुलूख खुरट्या काटेरी झुडपांचा, मधूनमधून खडकांचा, शेताच्या बांधांवर निवडुंगाच्या कुंपणांचा. एप्रिल-मे महिन्यांत शोधूनही कासव दिसत नसे. झुडपाच्या बुंध्याशी पाचोळ्यात अर्धे अंग खुपसून ती निपचित पडून राहत, आणि तुम्ही दोन पावलांवरून गेलात तरी पत्ता लागत नसे. ती चांदण्यांची नक्षी हातात घेतल्यावर झगझगीत वाटते, पण वाळलेल्या गवतातून ऊन झिरपत असले की तीच पिवळी रेष गवताची काडी होऊन जाते आणि काळा भाग सावली. माझ्या मते देवाने ती नक्षी आपल्याला दाखवण्यासाठी नव्हे, तर आपल्यापासून लपवण्यासाठी काढली.

पहिला चांगला पाऊस झाला की दृश्य पालटे. सकाळी शाळेत जाताना वाटेत दोन-तीन तरी कासवे भेटत. पाऊस पडत असतानाही ती चालत राहत. वाटेवरच्या खळग्यात पाणी साचलेले असले, तर त्याच्या काठाशी उभी राहून, पूर्ण डोके खाली घालून, बराच वेळ पीत. गळ्याखालची कातडी लयीत हलताना दिसे. कोवळे गवत खाताना जबड्यांचा बारीक कट्कट् असा आवाज येतो, आणि शांत असेल तर तो हातभर अंतरावरून ऐकू येतो. निवडुंगाची बोंडे पिकून खाली पडत तेव्हा तर गंमतच. ती खाऊन कासवाचे तोंड आणि पुढचे पाय गर्द किरमिजी होत, जणू होळी खेळून आले आहे. एकदा मेलेल्या बेडकाला टोचून खाताना पाहिले आणि आम्हा मुलांची कासवावरची श्रद्धा थोडी डळमळली.

निवडुंग
माझ्या बोंडांचा जाहीर उल्लेख केल्याबद्दल आभारी आहे. होळी खेळण्यापूर्वी विचारायला हवे होते, एवढेच.

शंकासुर
मी थोडे उलट बोलतो. कायदा आहे, मान्य. पण व्यवहारात काय होते? वनविभाग कासव घेऊन जाईल, एखाद्या केंद्रातल्या पिंजऱ्यात शेकडो कासवांबरोबर ते टाकले जाईल, आणि तेथे ते वर्षानुवर्षे पडून राहील. त्यापेक्षा एखाद्या प्रेमळ घरात, गच्चीवरच्या बागेत, मुलीच्या देखरेखीखाली ते दोनशे-अडीचशे वर्षे सुखाने जगले, तर कासवाचे काय बिघडले? किंवा मग शहराबाहेरच्या माळावर सोडून द्यावे. माळावरचा जीव माळावर गेला, विषय संपला.

रानजाई
शंकासुर यांच्या प्रतिसादात तीन चुका आहेत, आणि व्यवसायाने पशुवैद्यक असल्यामुळे त्यांपैकी दोन मला गप्प बसू देत नाहीत.

पहिली, वयाची. अडीचशे वर्षांची गोष्ट कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातील अद्वैत या कासवाबद्दल सांगितली जाते, जे २००६ मध्ये मेले. ते अल्डाब्रा बेटावरचे महाकाय कासव होते. चांदणी कासव त्याच्यापुढे लिंबाएवढे आहे. नीट सांभाळले तर ते काही दशके जगते, आणि तेवढेही आयुष्य घरी सहसा त्याच्या वाट्याला येत नाही.

दुसरी, प्रेमळ घराची. माझ्याकडे अशा प्रेमळ घरांतून आलेली कासवे मी पाहिली आहेत. दूधभात, पाव, काकडी, आणि एका घरी तर कुत्र्याचे खाद्य. कॅल्शियम नाही, ऊन नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नसतो, कारण ज्या अतिनील किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते ते काच अडवते. मग कवच मऊ पडते. निरोगी कासवाच्या पाठीवर बोटाने दाबले तर दगडावर दाबल्यासारखे लागते. अशा कासवाची पाठ जुन्या पुठ्ठ्यासारखी आत जाते. लोकांना वाटते, कवच म्हणजे वरून घातलेली पेटी. तसे नाही. कवच म्हणजे त्याचा पाठकणा आणि बरगड्याच आहेत, त्यावर नखाच्याच पदार्थाचे खवले. त्यात रक्त वाहते, संवेदना असते. तेथे रंग लावणे, भोक पाडून दोरी बांधणे, हे सगळे मी पाहिले आहे आणि त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

गच्चीवरून यांना: पालक काढून टाकावा. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. हरळी, साधे गवत, जास्वंदीची पाने आणि फुले द्यावीत. मात्र ते बुडबुडे ही काळजीची गोष्ट आहे. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल नसते, बरगड्या कवचात जखडलेल्या असल्यामुळे छाती फुगवता येत नाही. पाय आणि खांदे आतबाहेर करणाऱ्या स्नायूंच्या जोरावर ते श्वास घेते. त्याला नीट खोकताही येत नाही. त्यामुळे फुप्फुसात पाणी गेले किंवा कफ साठला, तर ते बाहेर टाकणे फार कठीण असते. तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, मान ताणत असेल, तर वनविभागाला फोन करताना हे आवर्जून सांगावे.

माळरान
तिसरी चूक माझ्या वाट्याची, म्हणजे माळावर सोडण्याची.

हे कासव कोठून आले हे आपल्याला माहीत नाही. गुजरातेतले असेल, आंध्रातले असेल. वायव्येकडची आणि श्रीलंकेतली कासवे आकाराने मोठी होतात, दक्षिण भारतातली लहान राहतात. हजारो वर्षे वेगवेगळ्या हवामानात राहिलेले हे गट आहेत. सिंगापूरमध्ये जप्त होऊन भारतात परत आलेल्या कासवांचा मूळ प्रदेश शोधण्यासाठी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांना जनुकीय तपासणी करावी लागली होती, त्याचा शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांनी पाहून हे ओळखता येत नाही. त्यात घरी पाळलेल्या, गर्दीत ठेवलेल्या कासवांना श्वसनाचे आजार जडलेले असतात. असे एक आजारी कासव भलत्याच माळावर सोडले, तर ते स्वतः मरतेच, आणि तेथे आधीपासून कासवे असतील तर त्यांनाही आजार देऊन जाते.

केंद्रात कासवे पडून राहतात ही तक्रार मात्र सर्वस्वी खोटी नाही. जप्तीत एका वेळी शेकड्यांनी कासवे येतात आणि जागा, डॉक्टर, चारा या सगळ्यांची ओढाताण होते. पण टप्प्याटप्प्याने सोडण्याचे कामही झालेले आहे. केरळातील चिन्नार अभयारण्यात अशा कासवांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. पर्जन्यछायेतील तो काटेरी, कोरडा भाग त्यांच्या अधिवासाशी जुळतो.

शंकासुर
दोन पशुवैद्यकीय आणि एक वनखात्याची चूक मान्य. पण मला हे समजत नाही की इतक्या साध्या, गवत खाणाऱ्या प्राण्यामागे लोक एवढे का लागतात. पोपट निदान बोलतो.

सांजवेळ
कारण ते बोलत नाही, चावत नाही, पळून जात नाही आणि सुटकेसमध्ये मावते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की भारतातील एकाच भागातून वर्षभरात किमान ५५,००० चांदणी कासवे पकडली जात होती. एका भागातून! विमानतळांवर पकडली जातात तेव्हा त्यांचे पाय आणि मान आत दाबून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, म्हणजे हालचाल होऊ नये. आग्नेय आशियातल्या बाजारात ती पाळण्यासाठी विकली जातात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या २०१९ च्या परिषदेत या कासवाला दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्या परिशिष्टात घेतले गेले, त्यामुळे रानातून धरलेल्या कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आता कायद्याने वाव उरलेला नाही. कायदेशीर, असे म्हणते आहे मी. बेकायदेशीर व्यापार परिशिष्टे वाचून चालत नाही.

आपल्याकडे दुसरेही एक खूळ आहे, वीस नखांच्या कासवाचे. वीस नखे असलेले कासव मिळाले की पैशांचा पाऊस पडतो, अशी थाप मारून मांडुळाप्रमाणेच कासवांचेही सौदे होतात. गच्चीवरून, एकदा नखे मोजून पाहाल का? मला उत्तर माहीत आहे, पण आपण मोजावीत.

गच्चीवरून
मोजली. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार. एकूण अठरा. मागच्या डाव्या पायाची नखे मोजताना त्याने पाय आत ओढून घेतला आणि माझ्या हातावर बराच ओलावा करून ठेवला. म्हणजे पाऊस पडला, पण पैशांचा नाही.

वनविभागाला फोन झाला आहे. उद्या सकाळी येतो म्हणाले. पालक काढून जास्वंदीचे फूल ठेवले. अर्धे खाल्ले.

सांजवेळ
अठराच असतात. चांदणी कासवाला अठरा, आणि मऊ पाठीच्या कासवांच्या प्रत्येक पायाला तीन म्हणून एकूण बारा. वीस नखांच्या शोधात निघालेला माणूस जन्मभर कासवे उलटी करून पाहत बसतो, आणि प्रत्येक अठरा नखांच्या कासवाचे आयुष्य मधल्या मध्ये संपते.

रानजाई
तो ओलावा केवळ भीतीने झालेला नाही, आणि त्यात गमतीपेक्षा तोट्याचा भाग जास्त आहे. जमिनीवरची कासवे मूत्राशयात पाणी साठवून ठेवतात आणि कोरड्या दिवसांत ते पुन्हा शरीरात घेतात. रानात उन्हाळ्यात कोणी कौतुकाने उचलले आणि त्याने घाबरून ती टाकी रिकामी केली, तर पुढच्या पावसापर्यंत त्याच्याजवळ शिल्लक काही उरत नाही. म्हणून वाटेत दिसले तर उचलू नये. रस्ता ओलांडत असेल तर ज्या दिशेला तोंड आहे त्याच दिशेला, जमिनीलगत धरून, पलीकडे ठेवावे. तुमच्या कासवाला आता बशीत पाणी मिळू द्यावे.

भूमिती
उलटे करण्याचा विषय निघालाच आहे, तर माझ्या आवडीची गोष्ट सांगतो. ती थोडी गणिताची आहे, पण कासवाला सोडून नाही.

सपाट पाठीचे कासव उलटे झाले की लांब मान जमिनीला टेकवून, तिचा टेकू घेऊन सरळ होते. चांदणी कासवाची मान आखूड. मग ते काय करते? २००६ मध्ये गाबोर दोमोकोश आणि पेतर वारकोनी या दोन हंगेरियन संशोधकांनी गोंबोत्स नावाचा एक घन आकार बनवला. सपाट पृष्ठभागावर कसाही ठेवला तरी तो घरंगळत एकाच स्थितीत येऊन थांबतो. लहान मुलांची पाडली तरी उठून बसणारी बाहुली असते, पण तिच्या तळाशी जड वजन भरलेले असते. गोंबोत्समध्ये तसे काही नाही. तो सर्वत्र सारख्याच घनतेचा, सगळी किमया केवळ आकाराची. नंतर या दोघांनी कासवांच्या कवचांची मापे घेतली आणि २००८ मध्ये मांडले की उंच घुमटाची कासवे या आकाराच्या फार जवळ पोहोचलेली आहेत. त्यांतही चांदणी कासव हे ठळक उदाहरण. पाठीवर पडले की घुमटाच्या गोलाईमुळे ते स्थिर राहूच शकत नाही, कुशीवर कलंडते. पुढचे काम थोडे पाय मारून आणि डोके हलवून होते.

मी एका प्राणिसंग्रहालयात हे घडताना पाहिले आहे. दोन नर एकमेकांना कवचाने ढकलत होते, त्यातला एक दगडावरून घसरून उताणा झाला. त्याने क्षणभर काहीच केले नाही. मग मागचा एक पाय हवेत दोनदा फिरवला, डोलला, कुशीवर आला, आणि पुढच्या पायाची नखे मातीला लागताच खट्कन सरळ झाला. आणि लगेच गवत खाऊ लागला, जणू पडलो ते मी नव्हेच. कृपया हे पाहण्यासाठी कोणी कासव उलटे करू नये. गच्चीच्या गुळगुळीत फरशीवर नखांना पकड मिळत नाही, आणि उन्हात उताणे राहिलेले कासव लवकर तापून मरते.

निवडुंग
पडल्यानंतर लगेच जेवायला बसणे हा गुण मी आत्मसात केलेला आहे. सरळ होण्याचा भाग बाकी आहे.

तळटीप
आणखी एक जुनी गोष्ट तपासून घ्यावीशी वाटते. संतवाङ्मयात कासवीच्या दृष्टीचा दाखला वारंवार येतो. कासवी पिल्लांना पान्हा देत नाही, केवळ प्रेमाच्या नजरेने ती त्यांना वाढवते, तशी गुरूची कृपादृष्टी शिष्याला वाढवते, असा त्याचा भाव. लहानपणी कीर्तनात हे ऐकून मी खरेच मानले होते. चांदणी कासवी पिल्लांकडे निदान पाहते तरी का?

माळरान
दृष्टांत सुंदर आहे, पण कासवी अंडी घातल्यावर मागे वळूनही पाहत नाही.

पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे मीलन होते. नर लहान असतो, त्याची शेपटी लांब आणि पोटाकडचे कवच खोलगट असते, म्हणजे मादीच्या घुमटावर तोल सांभाळता येतो. मादी बरीच मोठी आणि तिचे पोट सपाट. अंडी घालायची वेळ आली की ती जागा शोधत फिरते, जमीन हुंगते, आणि माती कठीण असेल तर मूत्राशयातले पाणी सोडून ती भिजवते. मग मागच्या पायांनी, एकदा डावा, एकदा उजवा, असे आळीपाळीने उकरत सुरईसारखा खड्डा करते. हे सगळे पाठमोरे चालते. खड्डा तिला दिसत नाही. तीन-चार, कधी त्याहून बरीच अधिक, कठीण कवचाची पांढरी अंडी घातली की मागच्याच पायांनी माती लोटते, चेपते, आणि निघून जाते. एका हंगामात असे एकाहून अधिक वेळा होऊ शकते.

पुढचे काम मातीकडे. अंडी उबण्याचा काळ दीड-दोन महिन्यांपासून पाच महिन्यांपर्यंत किंवा त्याहूनही लांबतो, कारण तो तापमानावर अवलंबून असतो. पिल्लू नर होणार की मादी, हेही मातीच्या उबेवरच ठरते. थोडी थंड माती नर देते, अधिक उबदार माती मादी. त्यामुळे कृपादृष्टी म्हणायचीच असेल, तर ती सूर्याची.

बाहेर येणारे पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचे असते आणि त्याच्या पाठीवर चांदणी नसतेच. पिवळ्या खवल्यांवर काळे पट्टे असतात, फुलपाखराने पंख पसरावेत तसे. खवला कडेने वाढत जातो तसतशी मधल्या पिवळ्या ठिपक्यातून किरणे बाहेर येत जातात. म्हणजे चांदणी ही त्याच्या वाढण्याचीच नोंद आहे. मात्र खवल्यांवरची वलये मोजून वय सांगता येते, हे खरे मानू नये. चांगल्या वर्षात एकाहून अधिक वलये पडतात आणि म्हातारपणी ती झिजून जातात. या काळात घोरपड, मुंगूस, कोल्हा यांना ते एका घासाचे असते. वाचलेले काही मोजकेच मोठे होतात, आणि नेमकी ती मोठी झालेली मादी तस्कराच्या पोत्यात गेली, तर पुढची कितीतरी वर्षांची अंडी तिच्याबरोबर जातात.

तळटीप
सूर्याची कृपादृष्टी ही दुरुस्ती मी स्वीकारतो. कीर्तनकारांना कळवण्याची जबाबदारी मात्र घेत नाही.

पिंपळपार
मातीवर पाणी सोडण्याचे वाचून एक गोष्ट आठवली. आमच्या शाळेमागे एक कासवी भर कडक जमिनीत संध्याकाळी उकरत होती. आम्ही पोरे पाच-सात हातांवर उभी राहून पाहत होतो. अंधार पडेपर्यंत तिचा खड्डा वीतभरही खोल झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे जमीन इतकी सारखी केलेली होती, की नेमकी जागा कोणती यावरून आमच्यात भांडण झाले. शेवटी कोणालाच सापडली नाही. कदाचित सापडली नाही म्हणूनच ती पिल्ले जगली असतील.

शंकासुर
मूळ प्रश्नाकडे परत येतो. पाण्यात अजिबात नाही, हे कळले. पण माळरान बशी ठेवा म्हणतात, पावसात ती डबक्यावर जातात असे पिंपळपार म्हणतात. मग पाणी नेमके किती?

रानजाई
हनुवटीपर्यंत पोहोचेल, नाकापर्यंत नाही, इतके. आजारी किंवा सुकलेल्या कासवाला आम्ही कोमट पाण्याच्या उथळ पसरट भांड्यात दहा-पंधरा मिनिटे उभे करतो. ते पिते, विष्ठा करते, टवटवीत होते. बाहेर काढून पुसायचे आणि उबेत ठेवायचे. चार बोटे पाणी तुमच्या आमच्या हिशेबाने उथळच, पण एवढ्याशा कासवाच्या नाकाच्या हिशेबाने ते खोल असते, आणि टबातून बाहेर पडायला उतार नसेल तर ते रात्रभर मान वर धरून उभे राहते. तुमच्या भाडेकरूंनी बहुधा वाईट हेतूने केले नसेल. कासव म्हणजे पाणी, एवढेच त्यांना माहीत असावे.

गच्चीवरून
सर्वांचे आभार. आज सकाळी वनरक्षक आणि त्यांच्याबरोबर एक स्वयंसेविका आल्या. पंचनामा झाला, माझी आणि काकांची सही झाली. काकांनी विचारले, तळ्यात का सोडत नाही, तेव्हा त्या बाईंनी कासवाचा मागचा पाय हलकेच बाहेर काढून दाखवला आणि विचारले, "आजोबा, ह्या पायानं पोहता येईल का?" काका बराच वेळ त्या पायाकडे पाहत होते.

शेपटी आखूड आणि पोट सपाट असल्यामुळे ती मादी आहे, असे त्या म्हणाल्या. पाठीवरचे खवले ज्या प्रकारे टेंगळांसारखे वर आले आहेत, त्यापैकी काही फुगवटा या जातीत नैसर्गिक असतो, पण इतका नसतो. कमी दमटपणात आणि चुकीच्या खाण्यावर वाढल्याचा तो परिणाम असावा. नाक वाहते आहे, तेव्हा आधी उपचार, बाकीचे नंतर.

नेण्यापूर्वी मी रानजाई यांनी सांगितल्याप्रमाणे ताटात कोमट पाणी घेतले होते. तिने आधी एक पाय घातला, काढला, परत घातला. मग डोके खाली घालून इतका वेळ पीत राहिली की वनरक्षक भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, होऊ द्या सावकाश.

शंकासुर
तब्येत कळली की येथे लिहावे.

गच्चीवरून
जरूर. तो निळा टब मुलीने माती भरून ठेवला आहे. त्यात काय लावायचे ते अजून ठरलेले नाही.

निवडुंग
मी मोकळा आहे.